महाराज हुरड्याला बसणार कुठे?

मार्गशीर्ष वद्य दशमी. पहाटे दव जड पडले. दिवसभर आभाळ मोकळे. वारा पूर्वेचा, बोचरा.

मुलांनो, सरकून बसा. ज्याला मध्येच शू लागणार असेल त्याने आत्ताच जाऊन यावे. गोष्ट एका कोरड्या जंगलातली आहे. तिथे पाणी कमी होते आणि भाषणे फार होती.

या जंगलात पाऊस लांबच्या नातेवाइकासारखा यायचा. उशिरा यायचा, दारातूनच बोलायचा आणि चहा न घेता निघून जायचा. पण जमीन काळी होती. मिळेल तेवढे पाणी ती पोटात धरून ठेवायची. पाऊस गेला की जनावरे तिच्यात ज्वारी पेरायची. मग थंडी, दव आणि जमिनीच्या पोटातली ओल एवढ्यावर ती ज्वारी उभी राहायची. तिला पाणी पाजावे लागत नसे. कौतुकही करावे लागत नसे. ज्वारी हे फार समजूतदार पीक आहे.

समजूतदारांचे जे होते तेच तिचे झाले. तिला कोणी विचारीनासे झाले.

झाले असे, की नदीकाठच्या जंगलातून पांढराशुभ्र तांदूळ येऊ लागला. आधी तो राजवाड्यात शिजला. मग अस्वलाकडे शिजला, मग माकडांकडे. पुढे पुढे ज्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज येई, त्या घरातल्या मुलीला स्थळ येईना. तरसाने तर दाराला गोधडी टांगली होती. आत भाकरी थापायची आणि बाहेर येऊन हसत हसत सांगायचे, "आज पुलाव होता." तरस नेहमीच हसते, त्यामुळे खरेखोटे कोणाला कळत नसे.

एकेकाने आपली राने पडीक टाकली. ज्वारीचे शेत उरले एकच. ते धुरपदा सायाळीचे.

सायाळ माहीत आहे ना? अंगभर काटे असतात ती. धुरपदाचे काटे लांब होते आणि जीभ त्याहून लांब होती. तिचा नवरा येसबा. त्याचे काटे कायम अंगाला चिकटलेले असत. ते उभे राहावेत असे त्याच्या आयुष्यात काही घडलेच नव्हते.

धुरपदाने ज्वारी का सोडली नाही? तिला पुलाव आवडत नव्हता म्हणून नाही. मागे एका वर्षी पाऊस दारातूनसुद्धा बोलला नव्हता. शेतात काही उगवले नाही. तेव्हा ही दोघे नदीकाठच्या जंगलात, रानडुकरांच्या टोळीत ऊस तोडायला गेली. तिथे अंधारात उठवत आणि पाचटावर निजवत. धुरपदाचे पहिले पिल्लू उसाच्या फडात जन्मले आणि त्याच दुपारी तिला मोळी उचलावी लागली. परत आल्यावर तिने बांधावरची माती कपाळाला लावली आणि म्हणाली, "घरात दाणा असंल तर या बांधाच्या भाईर पाय टाकायची न्हाई."

म्हणजे हिशेब सोपा होता. ज्वारी खळ्यात आली तर घर. नाही आली तर टोळी.

आता राजाकडे जाऊ. राजाकडे उशिराच गेलेले बरे.

या जंगलाचा राजा सिंह होता. सिंह भात कसा खाईल, असे तुमच्यापैकी एखादा शहाणा विचारील. सिंह मांसच खातो. भात त्याच्याबरोबर खातो. वर शिकरण खातो. असे बरीच वर्षे केल्यावर सिंहाचे पोट जमिनीला लागू लागले आणि आयाळ गळू लागली. राजवैद्य बगळा आला. एका पायावर उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "महाराज, भात बंद. ज्वारी सुरू."

"ज्वारी?" सिंहाने घाबरून विचारले. "ती गरिबांना होते ती?"

"तीच."

"पण मला कशी होईल? आमच्या घराण्यात कोणालाच नाही."

बगळ्याने समजावले की ज्वारी हा रोग नाही, धान्य आहे. सिंहाला पटायला वेळ लागला. पण एकदा पटल्यावर त्याला वाटू लागले की ज्वारीचा शोध आपणच लावला. राजांना असे वाटते. त्याने दवंडी पिटवली: आजपासून ज्वारीला कोणी भरड म्हणू नये. तिला राजधान्य म्हणावे. तिचा थोर वारसा जपण्यासाठी राजधान्य महोत्सव होईल. महोत्सवात मोरांचे नृत्य होईल, मान्यवरांची भाषणे होतील आणि सर्व प्रजेला हुरडा खाऊ घालण्यात येईल.

दवंडी संपल्यावर कोणीतरी विचारले, "पण ज्वारी आहे कुठे?"

मग शोध सुरू झाला आणि राज्याचा कारभारी कोल्हा धुरपदाच्या बांधावर येऊन उभा राहिला. ती शेतातल्या उंच माळ्यावर उभी राहून पाखरांवर गोफण फिरवत होती.

"वहिनी, अभिनंदन!" कोल्हा म्हणाला.

"कोण मेलं?" धुरपदाने वरूनच विचारले.

"अहो, महाराज स्वतः तुमच्या शेतात हुरडा खायला येणार! सगळा दरबार येणार. सगळी प्रजा येणार."

"सगळी म्हंजी?"

"हत्ती धरून."

धुरपदाने गोफण थांबवली. तिने शेताकडे पाहिले. मग तिने मनातल्या मनात हत्तीकडे पाहिले.

मुलांनो, तुमच्यातल्या काहींनी हुरडा फक्त बशीत पाहिला असेल, म्हणून सांगतो. ज्वारीचे कणीस हिरवे असते, दाण्यात चीक भरलेला असतो, तेव्हा ते गोवऱ्यांच्या आगटीत भाजतात. आगटी म्हणजे जमिनीत केलेला छोटा खड्डा. भाजलेले कणीस हातावर चोळले की मऊ, गोड दाणे पडतात. तोच हुरडा. बरोबर लसणाची चटणी असावी. हुरडा खाल्ला की मन भरते आणि खळे रिकामे राहते. कारण जे कणीस कोवळे असताना खाल्ले, ते नंतर पिकत नाही. हे हुरडा खाणाऱ्यांना कधीच आठवत नाही. तोंड भरलेले असते.

शिवाय त्या जंगलात एक रीत होती. हुरड्याच्या दिवसांत बांधावर आलेल्याला रिकाम्या तोंडाने परत पाठवायचे नाही. कणसे मालकिणीने स्वतः काढायची, स्वतः भाजायची आणि पाहुण्याच्या हातावर ठेवायची. रीत चांगली होती. ज्याने ती घातली त्याच्या डोळ्यांसमोर एखादा वाटसरू असावा. हत्ती नसावा.

संध्याकाळी येसबा खुशीत होता.

"शाल देणार म्हणत्यात," तो म्हणाला.

"आपल्या अंगावर शाल टाकून काय करायचंय? चाळणी?"

"अगं, मान असतो."

"मान दळून भाकरी व्हती का? हत्ती एका घासाला एक तास, म्हंजी आख्खी ओळ खाईल. अस्वल दुसरं. माकडं खातील कमी आन् मोडतील जास्त. मग माघात काय खायाचं? फाल्गुनात काय?"

येसबाने विचार केला. त्याला विचार करण्याची सवय नव्हती, त्यामुळे त्याचा चेहरा दुखरा झाला. "मग नको म्हणून सांगू?"

"राजाला? आन् रीत मोडून?"

धुरपदाने एक कणीस वाकवले, दाणा काढला आणि दाताखाली धरला. पाणी निघाले. चीकसुद्धा नीट भरला नव्हता.

"आता हे हुरड्यावर येईल," ती म्हणाली. "आन् हुरडा काय जावयासारखा मुक्काम करीत न्हाई. थोडके दिस. त्येच्या पुढं दाणा टणक. एकदा टणक झाला की ती ज्वारी. मग ती दळा, मळा, थापा, भाजा. एवढं कोण करतंय? येवढे थोडके दिस टळले पायजेत."

"महाराज काय टळणार न्हाईत."

"महाराज न्हाई टळत. कार्यक्रम टळतो."

मुलांनो, धुरपदाला राज्यकारभाराची माहिती होती. ओढ्यावरचा पूल तिच्या आजीच्या लग्नात मंजूर झाला होता आणि अजून होत होता. या राज्यात काहीच वेळेवर होत नसे. पण एक अपवाद होता. ज्यात खायला असे, ते कार्यक्रम वेळेवर होत. म्हणून तिला काळजी वाटली आणि दुसऱ्या दिवशी ती दरबारात गेली.

दरबार उत्साहात होता. तारीख ठरली होती. मोर तालीम करीत होते. सिंहाने तिला पाहून पंजा वर केला. "ये बाई, ये. तू आमच्या राजधान्याची माता."

"व्हय महाराज," धुरपदा म्हणाली. "सगळं झ्याक ठरलंय. एकच इचारायचं व्हतं. महाराज हुरड्याला बसणार कुठं?"

"सिंहासनावर. आणखी कुठे?"

"हुरड्याला आगटीभोवती बसत्यात महाराज. भुईवर. गोल करून."

"मग गोलाच्या वरच्या टोकाला बसू."

"गोलाला वरचं टोक नसतं, महाराज."

हत्तीने सोंडेने धुळीत एक गोल काढला. सगळे त्याच्याभोवती जमले आणि त्याचे वरचे टोक शोधू लागले. सापडेना. खजिनदार अस्वल म्हणाले, "महाराज बसतील तेच वरचे टोक."

"बरोबर," कोल्हा म्हणाला. "म्हणजे महाराजांच्या शेजारी मी."

"कोणत्या शेजारी? शेजार दोन आहेत," सेनापती लांडगा म्हणाला. "दुसऱ्या बाजूला मी."

"मग मी कुठे?" अस्वलाने विचारले.

"समोर."

"समोर?" अस्वल किंचाळले. "समोर म्हणजे विरोधात! आमची तीन पिढ्यांची निष्ठा आहे!"

"आन् धूर बी हाय महाराज," धुरपदा हळूच म्हणाली. "आगटीचा धूर वाऱ्यासंगं फिरतो. ज्याच्या तोंडावर जाईल त्याच्या डोळ्याला पाणी. परजेला वाटंल, महाराज रडायला लागले."

सिंहाने आयुष्यात कोणाला रडताना पाहिले होते ते जेवणाआधी. त्याला हे अजिबात आवडले नाही. "यावर उपाय काय?"

"मला अडाणीला काय कळतंय? एखादी समिती असती तर..."

तो शब्द ऐकताच सगळ्या दरबाराचे डोळे चमकले. ताबडतोब आसन समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण? धुरपदा म्हणाली, "कासवकाका अनुभवी हायती." ते सर्वांना मान्य झाले. कासवकाकांनाही मान्य झाले, पण ते बऱ्याच वेळाने. धुराची उपसमिती सरड्याकडे गेली. वारा कोणत्या दिशेला वळतो आहे हे सरड्याला सगळ्यांत आधी कळते, हे दरबारात प्रत्येकाला अनुभवाने माहीत होते.

समिती शेताच्या पाहणीला निघाली. कासवकाका राजवाड्याच्या फाटकापर्यंत पोचेतो कणसात चीक भरला. ते ओढ्यापर्यंत पोचले तेव्हा हुरडा तयार झाला होता.

हे दिवस धुरपदाला फार जड गेले. दरबार पेंगत होता, पण भोरड्या पेंगत नव्हत्या.

भोरड्या म्हणजे गुलाबी पोटाचे ते पाखरू. दर हिवाळ्यात परदेशातून थव्याने येते आणि येताना भूक घेऊन येते. त्यांची म्होरकी गंगी. ती रोज बाभळीच्या शेंड्यावर बसून धुरपदाशी बोलायची आणि तेवढ्यात बाकीचा थवा शेतात उतरायचा.

"ए टवळे! ऊठ तिथनं!" धुरपदा गोफण फिरवत ओरडायची.

"असं काय करतीस वैनी? किती लांबनं येतो आम्ही. माहेरपण समज की."

"माहेरपण? एवढ्या लेकी मी जन्माला कवा घातल्या गं?"

"तुझं आपलं कायबी. चार दाण्यांनी तू काय भिकारी होणार हैस?"

"चार दाणे तुझे. तुझ्यामागं आभाळभर हैत, त्यांचं काय?"

दगड सूं करत जायचा. थवा उठायचा आणि पलीकडच्या कोपऱ्यात बसायचा. धुरपदा तिकडे धावायची. येसबा माळ्याखाली बसून शाल कोणत्या रंगाची असेल याचा विचार करायचा.

कासवकाका बांधावर पोचले, आगटीची जागा पाहिली आणि म्हणाले की जागा गोल असल्यामुळे अहवालही सर्व बाजूंनी विचार करून द्यावा लागेल. सरड्याने चार दिशांना चार रंग बदलून पाहिले आणि मुदतवाढ मागितली. सगळे उत्तम चालले होते.

आणि तेव्हा राणीसाहेब बोलल्या.

सिंहीण दरबारात क्वचित बोलत असे. त्यामुळे प्रश्न कसे लांबवायचे ते तिला ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "गोलाचे एवढे काय? महाराजांची आगटी वेगळी करा. बाकीच्यांची वेगळी. परवा जाऊन या."

सगळे थक्क झाले. समिती एका वाक्यात बरखास्त झाली. धुरपदा पुन्हा दरबारात धावली. दाणे तेव्हा असे मऊ होते की हातावर घेतले तरी गोड वास यायचा.

"वा राणीसाहेब, वा!" ती म्हणाली. "येकच आगटी वेगळी. मग कारभारी परजेच्याच आगटीला का? माकडांच्या मांडीला मांडी लावून?"

कोल्ह्याने कान टवकारले.

"मी माकडांबरोबर बसणार नाही," तो म्हणाला.

"मग मीही नाही," अस्वल म्हणाले.

"कोल्ह्याची आगटी माझ्या आगटीपेक्षा मोठी असता कामा नये," लांडगा म्हणाला.

दुपारपर्यंत ठरले की प्रत्येक मानकऱ्याला हुद्द्याप्रमाणे आगटी मिळेल. इतक्या आगट्यांना गोवऱ्या लागणार. गोवऱ्यांना शेण लागणार. गव्याला बोलावण्यात आले.

गवा भडकला. "राजवाड्यापुढं माझं शेण पडलं तर मला हाकलतात. आता मागायला आलात होय? देणार नाही. पोट धरून बसेन."

त्याची समजूत घालण्यात आली. त्याला राजगोमयरत्न अशी पदवी देण्यात आली. मग रानम्हशी रुसल्या, की आमच्या शेणात काय कमी आहे? कोणाचे शेण दरबारी दर्जाचे आहे ते ठरवण्यासाठी एक परीक्षक नेमायचे ठरले. जंगलात नोकऱ्यांची इतकी टंचाई असूनही त्या जागेसाठी कोणी अर्ज केला नाही. अखेर गोवऱ्या थापल्या गेल्या, पण पौषाचे ऊन कोवळे आणि पहाटेचे दव जड. गोवऱ्या वाळेनात.

इकडे शेतातही काही घडत होते. शेताचे वरचे अंग मुरमाड होते. तिथे माती पातळ, ओल कमी, त्यामुळे ज्वारी लवकर पिकायची. तिथला दाणा टणक होऊ लागला. पण खालच्या अंगाला खोल काळी माती होती. तिथले कणीस अजून हुरड्यात होते. आणि शेताचा मोठा भाग तोच होता.

"अजून थोडं थांबा गं बायांनो," धुरपदा गोवऱ्यांना उद्देशून म्हणायची. "वाळू नका."

गोवऱ्यांनी ऐकले. राजाने ऐकले नाही.

एके सकाळी बातमी आली की नदीकाठचा राजा आपल्या जंगलात भाताचा महोत्सव करून मोकळासुद्धा झाला. सिंहाने अशी डरकाळी फोडली की कासवकाका कवचात गेले आणि आठवडाभर बाहेर आले नाहीत.

"खड्ड्यात गेल्या आगट्या!" सिंह गर्जला. आगट्या खड्ड्यातच असतात हे सांगायचे धाडस कोणाला झाले नाही. "उद्या सकाळी मी हुरडा खाणार. भुईवर बसेन. धुरात बसेन. माकडाच्या मांडीवर बसेन. पण उद्याच!"

निरोप शेतावर आला. धुरपदा गोफण ठेवून माळ्यावरून उतरली. ती खालच्या अंगाला गेली. एक दाणा दाताखाली धरला. मऊ. दुसऱ्या कणसाचा धरला. मऊ. ती ओळीओळीने पुढे जात राहिली आणि दाणे चावत राहिली. येसबाने ते पाहिले. मग तो घरात गेला आणि आढ्यात खोचलेला ऊसतोडीचा कोयता काढून त्याने पुसून ठेवला. त्या दिवशी त्याने शालीचे नाव काढले नाही.

सकाळी सगळे आले. हत्ती आला. त्याने येताना न्याहारी केली नव्हती, हे त्याने आल्या आल्या सांगितले. मोर नाचले. मग भाषणे झाली. माकड ज्वारीच्या पोषणमूल्यावर बोलले. अस्वल ज्वारीच्या संस्कृतीवर बोलले आणि बोलताना दोन वेळा बाजरी म्हणाले. कोल्ह्याने आपण लहानपणी कशी भाकरी खाऊन मोठे झालो ते सांगितले. आदल्याच वर्षी त्याने भाकरी खाल्ल्याबद्दल एका शिपायाला घरी पाठवले होते. शिपाई मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता.

सिंह अर्धवट ओल्या गोवऱ्यांच्या आगटीपाशी भुईवर बसला. वारा फिरला. धूर थेट त्याच्या तोंडावर गेला आणि त्याच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहू लागले.

"पाहा," प्रजा कुजबुजली, "महाराजांना किती कळवळा आहे."

"बाई, कणसे काढ," सिंह खोकत म्हणाला.

धुरपदा विळा घेऊन उठली. ती खालच्या अंगाला वळली नाही. ती वर, मुरमाडाकडे गेली. तिथली कणसे तिने काढली, आगटीत खुपसली, भाजली, हातावर चोळली आणि फुंकून दाणे सिंहाच्या पंजावर ठेवले. तिचे काटे एकेक करून उभे राहत होते.

सिंहाने मूठभर दाणे तोंडात टाकले.

कट्.

ज्या दाढेने रेड्याची मान मोडली होती, ती दाढ धरून सिंह उभा राहिला. "हे काय आहे? खडी?"

"ज्वारी हाय महाराज," धुरपदा म्हणाली. "जरासा उशीर झाला. हुरडा सरला."

"सगळ्या शेतात?"

धुरपदा उत्तर देणार तेवढ्यात कोल्हा पुढे झाला. त्याला तिचा संशय आला होता. कोल्ह्यांना दुसऱ्याची लबाडी लगेच ओळखू येते. "महाराज, हिला विचारू नका. ती वर बसली आहे तिला विचारा. ती या शेतात रोज असते."

सगळ्यांनी वर पाहिले. बाभळीच्या शेंड्यावर गंगी होती आणि फांद्याफांद्यांवर तिचा थवा.

"ए भोरडे," सिंह म्हणाला, "खरे सांग. सगळे शेत असेच आहे, की कुठे मऊ दाणा उरला आहे?"

धुरपदाने गंगीकडे पाहिले. सकाळपासून तिने गंगीच्या खानदानाचा तीन वेळा उद्धार केला होता. एक दगड तर अगदी शेपटीजवळून गेला होता. येसबाने डोळे मिटून घेतले.

गंगीने खालच्या अंगाकडे पाहिले. तिथे मऊ, गोड, चिकाने भरलेली कणसे वाऱ्यावर डुलत होती. मग तिने हत्तीकडे पाहिले. मग अस्वलाकडे. मग माकडांच्या रांगेकडे. ती रांग ओढ्यापर्यंत गेली होती.

"सगळं शेत टणक आहे, महाराज," गंगी म्हणाली. "चावण्यासारखा एक दाणा नाही. आम्हीसुद्धा उपाशी आहोत."

"उपाशी! उपाशी!" सगळा थवा एकदम ओरडला. त्यांचे गळे इतके भरले होते की आवाज घोगरा आला.

सिंह हताश झाला. "मग आता याचे काय होते?"

"भाकरी होती महाराज," धुरपदा म्हणाली. "आत्ता करते. जातं घरात हाय. पोतंभर दळायला लागंल. हत्तीदादा, वडता का जातं? अस्वलभाऊ, तुम्ही पीठ मळा. कारभारी थापतील. लहानपणी खाऊन मोठे झाल्यात म्हणत्यात, त्यांना यील."

हत्तीला एक महत्त्वाचे काम आठवले. अस्वलाच्या मनगटात कळ आली. कोल्हा म्हणाला की कार्यक्रम आटोपशीर व्हावा अशी महाराजांचीच इच्छा होती. माकडांनी सोबत ज्वारीचा केक आणला होता. तो मैद्याचा होता आणि वर ज्वारीचे तीन दाणे लावले होते. तो कापला गेला. दाणे कडक लागतात म्हणून सगळ्यांनी काढून टाकले. येसबाला शाल घातली, ती काट्यांत अडकली आणि कोणालाच सोडवता येईना, म्हणून तो ती तशीच घेऊन दोन दिवस हिंडला. दुपारपर्यंत बांध मोकळा झाला.

संध्याकाळी धुरपदाने गोफण खुंटीला लावून ठेवली.

"आजचा दिस खा," ती बाभळीकडे न बघता म्हणाली.

"खालच्या अंगाचं?" गंगीने विचारले.

"खालच्या अंगाचं. पर उद्या दिसलीस तर डोळा फोडीन."

"माहीत आहे गं वैनी," गंगी म्हणाली आणि थवा उतरला.

माघ वद्य पंचमी. आभाळ निरभ्र. वारा पडलेला. धुरपदाच्या खळ्यात ज्वारीची नऊ पोती भरली. त्या वर्षी या बांधावरून रानडुकरांच्या टोळीत कोणी गेले नाही. राजधान्य महोत्सवाच्या अहवालात शेताचे पीक 'संपूर्ण वाया' असे लिहिले गेले, आणि त्या नुकसानीची भरपाई म्हणून धुरपदाला नदीकाठचा एक पोते तांदूळ देण्यात आला. तो येसबाने खाल्ला.

तात्पर्य: आजचे काम उद्यावर ढकलू नये, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. ते पेरणीपुरते खरे आहे. पण एखादा राजा तुमच्या पिकाचा सन्मान करायला निघाला, तर त्याला घाई करू देऊ नका. त्याच्या कानात 'समिती' एवढेच म्हणा आणि घरी येऊन खळे सारवायला घ्या.